तिला कुठं दिली?

बेळगावजवळच्या आमच्या कंग्राळीच्या बायका कुणाही मुलीचा ठावठिकाणा तीन प्रश्नांत काढतात. कुणाची, कुठं दिली, पोरं किती. मार्कंडेय नदीच्या काठावर धुणं आपटताना, रताळ्याच्या गाडीवर बसून मार्केट यार्डाकडं जाताना, चिखलात वाकून भाताची रोपं लावताना हे प्रश्न विचारले जातात आणि त्यांची उत्तरंही मिळतात. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चंदगड, गडहिंग्लज एवढ्या मुलखातल्या सोयरिकी आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतात. अशा गावातली मुलगी हरवते, हे कुणाला पटवून देणं अवघड. नववीच्या सुरुवातीला मी घरी येऊन सांगितलं की माझी मैत्रीण हरवलीय, तेव्हा आई भाकरी थापता थापता म्हणाली, "हरवंल कशी गे? तिच्या घरच्यांस्नी म्हाईत आसंल की."

घरच्यांना माहीत होतंच. मला माहीत नव्हतं, आणि माझ्या माहीत नसण्याला कुणाच्याही लेखी किंमत नव्हती. एवढ्या वर्षांनी या विषयावर लिहायला बसले आहे ती याच गोष्टीसाठी.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची ही हकीकत. आम्ही दोघी कंग्राळीहून शहरातल्या हायस्कुलात चालत जायचो. वाटेत मार्केट यार्ड लागायचं. तिचे वडील बटाटा, रताळी तिथंच घालायचे. परत येताना ती अडत्याच्या दुकानापाशी थांबायची, वडिलांच्या हातातली पट्टी घ्यायची आणि चालता चालता हिशेब तपासायची. पोती किती, भाव काय, त्यातून अडत गेली, हमाली गेली, तोलाई गेली, हाती काय राहिलं. बोटं न मोजता, ओठ न हलवता. एकदा तिनं पट्टीतली चूक काढली आणि वडिलांना परत दुकानात पाठवलं. वडील पैसे घेऊन आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता, आणि थोडी काळजीही होती. ती काळजी मला तेव्हा दिसली, पण तिचा अर्थ लागला नाही. हिशेब एवढा पक्का असलेली पोर उद्या काय काय विचारेल, अशी ती काळजी असावी.

आठवीची परीक्षा झाली, मे महिना आला. आमच्याकडं मे म्हणजे लग्नं. मी त्या सुट्टीत आजोळी गेले होते. जूनमध्ये शाळा उघडली आणि ती आली नाही. पहिल्या आठवड्यात सरांनी हजेरी घेताना तिचं नाव पुकारलं, थोडं थांबले, पुढं गेले. नंतर नंतर थांबेनासे झाले. पुढं नाव पुकारणंही बंद झालं. वर्गात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पावसाळ्याच्या तोंडाला मुली गळतात, हे सगळ्यांनी इतक्यांदा पाहिलेलं होतं की त्यात विचारण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

मी तिच्या घरी गेले. काकी दारात बसून शेंगा फोडत होत्या. "मामाकडं गेलीया," त्या म्हणाल्या. ओंजळभर शेंगा माझ्या परकरात ओतल्या आणि पुन्हा मान खाली घातली. आत खुंटीला तिचं दप्तर होतं. मामाकडं गेली तर दप्तर इथं राहील, हे ठीकच. पण दोरीवर तिचं एकही कापड नव्हतं. आणि शेंगा ओतताना काकींचे हात माझ्या डोळ्यांसमोर आले होते. मनगटापासून वरपर्यंत दोन्ही हात नव्या हिरव्या बांगड्यांनी भरलेले. घरात लग्न असल्याशिवाय बाई असा हात भरत नाही. त्या घरात तिच्याशिवाय लग्नाची दुसरी मुलगी नव्हती, आणि तिचा भाऊ माझ्यापेक्षाही लहान होता.

गावात वाजंत्री वाजली नव्हती, मांडव पडला नव्हता, अक्षता आल्या नव्हत्या. लग्न तिकडंच कुठंतरी देवळात झालं असणार. बांगड्या मात्र इथल्या होत्या. म्हणून मी कासारमामांची वाट पाहिली. ते आले तेव्हा त्यांच्यासमोर बसले, हात पुढं केला आणि काचेच्या साध्या बांगड्या भरून घेता घेता विचारलं. त्यांनी हात दाबून अंगठ्याचा सांधा मुडपला, बांगडी सरकवली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "गेल्या म्हैन्यात भरला की चुडा. पावणं कोवाडाकडचं. तू लई इचारू नको, बाळ."

त्यांनी सांगितलं हेच पुष्कळ होतं. गावातल्या इतर कुणीही एवढं सांगितलं नव्हतं. धुण्यावरच्या बायका मी आल्यावर विषय बदलायच्या. त्या वाईट नव्हत्या. मुलगी शहाणी झाली की तिला लवकर उजवावी, हुंड्याचा आकडा वय वाढेल तसा वाढतो, धाकट्या भावंडांचं बघायचं असतं, या सगळ्या गोष्टी त्यांनी स्वतःच्या अंगावर सोसलेल्या होत्या. त्यांना ते नुकसान वाटत नव्हतं असंही नाही. पण जे आपलं झालं तेच हिचं झालं, त्याचा शोध काय करायचा, असा त्यांचा भाव होता.

माझी आजी तेवढी वेगळी निघाली. तिनं आधी मलाच दटावलं. "इतकं इचारायचं नसतंय गे पोरीच्या जातीनं." मग रात्री अंथरुणावर पडल्यावर आपणहून बोलायला लागली. तिचं माहेर निपाणीकडचं, तंबाखूच्या मुलखातलं. लहानपणी ती तंबाखूच्या शेतात कोंब खुडायला जायची. तिच्या जोडीला गावकुसाबाहेरच्या वस्तीतली एक मुलगी असायची. दोघींची सरी शेजारी शेजारी. हात चिकट व्हायचे, काळे पडायचे, दोघी एकमेकींना माती चोळून द्यायच्या. शेतात हात लावलेला चालायचा. गावात आल्यावर एकीनं दुसरीच्या उंबऱ्याला जायचं नाही. "एका पुनवंनंतर ती आलीच न्हाई. देवीला सोडली म्हणं. पुढं म्हमईला गेली म्हणं. मी कुणाला इचारणार? तिच्या घराकडं जायाची मला परवानगी न्हवती." आजी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कोवाडाला माझी धाकटी भन हाय. बाजाराच्या दिसाला जाऊ आपण."

आजीच्या त्या मैत्रिणीबद्दल मी मोठी झाल्यावर पुष्कळ विचार केला. ती मुलगी गेली तो काळ एकोणीसशे तीसच्या दशकाच्या शेवटचा असणार. आमचा भाग तेव्हा मुंबई इलाख्यात होता, आणि मुली देवाला वाहण्याविरुद्धचा मुंबई इलाख्याचा कायदा 1934 मध्ये झालेला होता. म्हणजे तिला सोडली त्या पौर्णिमेला कायदा जागेवर होता. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर तो पोचला नाही, कारण तो पोचवायला कुणीतरी तिच्यासाठी विचारावं लागतं. आई-वडील विचारणार नव्हते, त्यांनीच सोडली होती. गाव विचारणार नव्हतं, गावाच्या रीतीनंच ते झालं होतं. विचारू शकेल अशी एकच व्यक्ती जगात होती, शेजारच्या सरीतली माझी आजी, आणि तिला त्या वस्तीत पाऊल ठेवायला मनाई होती. जातीनं आमच्याकडं विहिरी आणि पाणवठे वेगळे केले हे आपण बोलतो. मुलीला शोधणारी मैत्रीणही जातीनं तोडली, हे मला आजीच्या त्या रात्रीच्या बोलण्यातून समजलं.

कर्नाटकानं देवदासी प्रथेला बंदी करणारा स्वतःचा कायदा 1982 मध्ये केला. त्याच्या आगेमागे निपाणी आणि गडहिंग्लज इथल्या कार्यकर्त्यांनी देवदासी बायकांना संघटित करायला सुरुवात केली होती. पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते घटप्रभेचं काम. 1997 मध्ये तिथं माजी देवदासी बायकांची स्वतःची संस्था उभी राहिली. तिच्या कामात पुढं असलेल्या सीताव्वा जोडट्टी यांना स्वतःला लहानपणी, वयाच्या सातव्या वर्षी, देवीला सोडलेलं होतं. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या बायका वस्त्यांमध्ये जायच्या, कुठल्या घरात नवस बोलला गेलाय, कुठल्या पोरीच्या केसात जट आलीय म्हणून कुजबुज चाललीय, हे त्यांना इतरांच्या आधी कळायचं, कारण त्या त्याच घरांतून आल्या होत्या. त्यांना त्यांच्या लहानपणी कुणी शोधायला आलं नव्हतं. मोठ्या होऊन त्यांनी पुढच्या मुली शोधल्या. एवढं मोठं मन माणसाला कुठून येत असेल, याचं मला अजून नवल वाटतं.

कोवाडाला आम्ही बाजाराच्या दिवशी गेलो. उचगावावरून जाणारा तो रस्ता. वाटेत कुठंतरी कर्नाटक संपतं आणि महाराष्ट्र सुरू होतो. फाटक नाही, चौकी नाही. दगडावरची कन्नड अक्षरं जातात आणि देवनागरी येतात, तेवढंच. दोन्हीकडं तीच भाताची खाचरं, तीच मराठी. कोवाड ताम्रपर्णीच्या काठी, चंदगड तालुक्यात. आसपासच्या खेड्यांतल्या बायका बाजाराला तिथंच येतात, हे आजीनं बरोबर हेरलं होतं. घरी जाऊन चौकशी केली असती तर आम्ही कोण, कशाला आलो, असे दहा प्रश्न झाले असते. बाजारात कुणीही कुणालाही भेटू शकतं. आजी आणि तिची बहीण मिरचीच्या ढिगापाशी भाव करत उभ्या राहिल्या आणि मी येणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड बघत राहिले.

ती दुपारी दिसली. नऊवारी नेसलेली होती आणि ते लुगडं तिला आवरत नव्हतं. सासूच्या मागून चालत होती. सासू मिठाच्या दुकानात पैसे देत होती आणि ही हळूच म्हणाली, "दोन रुपये जास्त घेत्यात, अत्ती." दुकानदारानं पुन्हा बेरीज केली आणि दोन रुपये परत दिले. मी आवाजावरून तिला ओळखली.

आम्ही रडलो नाही. दोघींनाही रडायला जागा नव्हती. सासूबाई चांगल्या होत्या. "मैतरीण व्हय? मग घरला ये की," म्हणाल्या, आणि आजीशी बोलत पुढं सरकल्या, तेवढाच आम्हाला वेळ मिळावा म्हणून. मला वाटलं होतं ती घरची चौकशी करेल, आईचं विचारेल. तिनं विचारलं, "नववीचं बीजगणित लई अवघड हाय काय गे?" मी म्हटलं, "हाय." ती म्हणाली, "मग नीट करत जा. माझ्यागत सोडून दिऊ नको." तिनं काही सोडून दिलं नव्हतं. तिच्याकडून सोडवून घेतलं होतं. पण बोलताना ती तसंच बोलली, जणू निर्णय तिचा होता. पंधराव्या वर्षीसुद्धा माणूस आपली लाज स्वतःच्या अंगावर घेऊन दुसऱ्यांना मोकळं करतो.

निघताना ती एवढंच म्हणाली, "कासारमामा बोलले, तू इचारत हुतीस म्हणून." निरोप माझ्या आधी पोचला होता. बांगड्या भरणारा तो माणूस, ज्यानं मला फार विचारू नको म्हणून सांगितलं, तोच पुढच्या फेरीत कोवाडाकडं गेला आणि तिच्या कानावर घालून आला. पुढं पुष्कळ वर्षांनी, गावच्या लक्ष्मी यात्रेला माहेरवाशिणी आल्या, देवी गदगेवर बसली, भंडाऱ्यानं सगळं गाव पिवळं झालं, तेव्हा आम्हाला मनासारखं बोलायला मिळालं. त्या वेळी ती म्हणाली की लग्नानंतरच्या त्या पहिल्या पावसाळ्यात तिला सगळ्यात जड गेलं ते काम नाही, परकं घरही नाही. आपण वर्गातून उठून गेलो आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, असं तिला वाटत होतं. "तू इचारलंस हे कळलं आणि वाटलं, मी हुते तिथं." तिनं पुढं मुलींना शिकवलं, एकीला नर्सिंगला घातलं, घरचा सगळा हिशेब आजही तिच्याकडं असतो. तिचं आयुष्य वाया गेलं असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण तिच्यातली एक गणित शिकणारी मुलगी त्या मे महिन्यात गेली आणि ती परत आली नाही, हेही तितकंच खरं आहे.

मुलीच्या लग्नाचं किमान वय 1978 पासून अठरा आहे. सुरुवातीला 1929 च्या शारदा कायद्यानं ते चौदा ठरवलं होतं. म्हणजे माझ्या मैत्रिणीचं लग्न कायद्यानं गुन्हा होता, आणि गावात, शाळेत, बाजारात कुणालाही तसं वाटलं नाही. आज कायदा पुष्कळ पुढं गेला आहे. 2006 चा बालविवाह प्रतिबंध कायदा आला. कर्नाटकानं 2016 च्या दुरुस्तीनं बालविवाह मुळातूनच रद्दबातल ठरवला. महाराष्ट्रात मात्र मूळ केंद्रीय कायदाच चालतो. त्यात असं लग्न आपोआप रद्द होत नाही, त्या मुलीनं किंवा मुलानं स्वतः न्यायालयात जाऊन ते रद्द करून घ्यावं लागतं, तेही सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. कंग्राळी आणि कोवाड यांच्यात एका सकाळचा रस्ता आहे, आणि त्या रस्त्याच्या दोन टोकांना एकाच मुलीच्या लग्नाचा कायदेशीर अर्थ वेगळा होतो. पलीकडच्या टोकाला तिनं न्यायालयाची पायरी चढावी अशी अपेक्षा आहे. ज्या मुलीला बाजारात मैत्रिणीशी दोन वाक्यं बोलायला सासूची परवानगी लागते, ती वकील कुठून गाठणार?

सीमाभागात राहणाऱ्याला रेषेबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. महाराष्ट्र कर्नाटकातल्या ज्या गावांवर हक्क सांगतो ती 865 गावं आहेत, हा आकडा आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. 2004 पासून तो दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. हिंडलग्याला कन्नड सक्तीविरुद्धच्या 1 जून 1986 च्या आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे, तिथं दर वर्षी माणसं जमतात, मीही गेलेली आहे. आपल्या भाषेत शिकायला मिळावं ही मागणी माझ्याही रक्तात आहे. म्हणूनच मला वाटतं की गावं आपण जितक्या काटेकोरपणे मोजली, तितक्याच काटेकोरपणे मराठी शाळांच्या वर्गातल्या मुलीही मोजायला हव्यात. शाळा आपल्या भाषेची झाली, आणि नववीतल्या मुली मेमध्ये लग्न होऊन गेल्या, तर ती भाषा शिकणार कोण?

हरवलेल्या मुलांच्या बाबतीत पोलिसांनी काय करायचं, हे आता स्पष्ट आहे. 10 मे 2013 रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा, नुसती नोंदवहीत नोंद करून ठेवायची नाही. मूल पळवलं गेलं असावं असं धरूनच तपास सुरू करायचा. हा निर्णय येईपर्यंत किती घरं पोलीस ठाण्याच्या बाकावर नुसती बसून परत आली असतील.

मुंबईच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यातले राजेंद्र भोसले यांच्याविषयी वाचलं तेव्हा मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. 2008 ते 2015 या काळात त्या ठाण्याच्या हद्दीतून हरवलेल्या 166 मुलींचा शोध त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. 165 सापडल्या. शेवटची, अंधेरीतली सात वर्षांची मुलगी, जानेवारी 2013 मध्ये शाळेला जाताना गेली होती. भोसले 2015 मध्ये निवृत्त झाले तरी तिला विसरले नाहीत. ती सापडली ऑगस्ट 2022 मध्ये, आणि ज्या प्रकारे सापडली त्यात, मुलीला शेवटी शोधतं कोण, या माझ्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर आहे. तिच्याबरोबर घरकाम करणाऱ्या एका बाईला तिनं आपली गोष्ट सांगितली. त्या बाईनं ती खरी मानली, इंटरनेटवर तिच्या नावानं शोध घेतला, हरवल्याचं जुनं पत्रक सापडलं, त्यावरचा शेजाऱ्यांचा एक क्रमांक लागला, आणि नऊ वर्षांनंतर मुलगी आईला भेटली. ती राहत होती ती जागा तिच्या घरापासून फार लांबही नव्हती. भोसल्यांच्या चिकाटीला मी हात जोडते. पण दार उघडलं ते सोबत काम करणाऱ्या बाईनं, कारण ती जवळ बसली होती आणि तिनं ऐकलं.

आमच्या समाजात मुलीच्या जाण्यायेण्याला सगळ्या नात्यांच्या वाटा ठरलेल्या आहेत. नागपंचमीला भाऊ मुराळी होऊन आणायला जातो. बाळंतपणाला आई असते. भांडण झालं तर मामा आणि काका बैठकीला बसतात. मैत्रिणीला यात कुठंही जागा नाही. ती लग्नाच्या यादीत नसते, पंचनाम्यात नसते, तिला कुणी पत्रिका देत नाही. आणि तरी मुलीबद्दलच्या कितीतरी गोष्टी फक्त तिलाच ठाऊक असतात. कुणी पाहायला येऊन गेलं, कुणाच्या मोबाइलवरून कुणाला फोन होतो, ती कशाला घाबरते, शाळा सुटताना कुणाकडं बघून वाट बदलते, तिला पुढं काय शिकायचं आहे.

हे ठाऊक असणं आजच्या मुलींना अडचणीतही टाकतं, याची मला जाणीव आहे. सतरा वर्षांची मुलगी एखाद्या मुलाबरोबर निघून जाते, घरचे अपहरणाची तक्रार देतात, आणि सगळ्यात आधी मैत्रिणीच्या दारात गाड्या थांबतात. तिला दमात घेतलं जातं, तिच्या आईबापांना सुनावलं जातं, तिची शाळा बंद होते. म्हणून पुढच्या वेळी दुसरी कुणी मैत्रीण तोंड उघडत नाही. घरची माणसं अब्रूसाठी शोधतात, पोलीस प्रकरण मिटवण्यासाठी शोधतात. मैत्रीण त्या मुलीसाठी शोधते. ती सुखरूप आहे का, जेवली का, तिला परत यायचं आहे का, हे तिचे प्रश्न असतात. शोधून काढणं म्हणजे ओढून आणणं असं तिच्या मनात नसतं. तपास करणाऱ्यांनी हे ओळखलं आणि तिला आरोपीसारखं न वागवता शेजारी बसवून विचारलं, तर त्यांना पुष्कळ काही वेळेत कळेल. मुलगी कुठल्या संकटात आहे हे माहीत असून एकटीनं गुपित सांभाळण्याचं ओझं पंधरा वर्षांच्या पोरीवर पडता कामा नये.

सोयी आता आहेत. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक 1996 मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाला आणि पुढं देशभर पोचला. त्यावर मूल स्वतः बोलू शकतं, त्याच्यासाठी दुसरं मूलही बोलू शकतं. नाव गुप्त ठेवतात. आठवीतल्या मुलामुलींना कर्नाटकात मधे काही वर्षं सायकली मिळाल्या, कर्नाटकाच्या साध्या सरकारी बसमध्ये 2023 पासून तिथल्या बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, महाराष्ट्राच्या एस.टी.त त्याच वर्षापासून निम्मं आहे. मला कोवाडाला जायला आजी लागली, तिची बहीण लागली, बाजाराचं निमित्त लागलं, आणि आजीनं कनवटीला बांधून ठेवलेले पैसे लागले. आजच्या मुलीला वाट सोपी आहे. लागते ती परवानगी, आणि ती कुणी देईल म्हणून थांबण्यात अर्थ नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड इथल्या शाळांमधल्या शिक्षकांना मी हात जोडून सांगते. सुट्टीनंतर एखादी मुलगी आली नाही तर घरी निरोप पाठवण्याआधी तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला बाजूला घ्या, आणि तिला वेळ द्या. जे घरात लपवलं जातं ते तिनं ऐकलेलं असतं, आणि तिला फक्त कुणीतरी विचारायला हवं असतं. आणि मुलींनो, तुमच्या बाकावरची कुणी दिसेनाशी झाली तर त्याच आठवड्यात तिच्या घरी जा. मामाकडं गेली म्हणाले तर कुठल्या मामाकडं ते विचारा. उत्तर पटलं नाही तर सरांना सांगा, बाईंना सांगा, 1098 ला फोन करा, आजीला सांगा. कुणी म्हणेल, तू कोण विचारणारी? तुम्ही तिच्या शेजारी बसत होता. विचारायला एवढं नातं पुरतं.